मोजलंस की उतरवलंस? : आकाशातल्या पाऱ्याचा हिशेब



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांच्या रसायनशास्त्राच्या वर्गात मी दोन वर्षे बसलो. अकरावीत असताना एकदा ब्युरेटचे वाचन माझे मी घेतले नाही. शेजारच्या बाकावरच्या मित्राचे आकडे वहीत लिहिले. सरांनी वही पाहिली, लाल पेन्सिलीने त्या आकड्यांभोवती एक गोल काढला आणि हळू आवाजात विचारले, "हे तू मोजलंस की उतरवलंस?" मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला तोच प्रयोग एकट्याने करायला लावला. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

आजचा विषय आहे हवेतला पारा आणि तो विमानातून मोजण्याचे अमेरिकेत झालेले काम. विषय दूरचा वाटेल, पण त्याची सुरुवात माझ्यापुरती आपल्याच गावातून होते.

झारेकऱ्याचा धूर

आमचे घर जळगावच्या सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत होते. लहानपणी सकाळी लवकर उठले की झारेकरी दिसायचे. सोनारांच्या दुकानांसमोरची माती, गटारातला गाळ, भट्टीची राख असे सगळे गोळा करून ते लाकडी पाटीत धूत बसायचे. हलकी माती पाण्याबरोबर वाहून जायची आणि तळाशी काळसर रेती उरायची. त्या रेतीत बाटलीतला पारा ओतून ते बोटांनी बराच वेळ मळत. मग तो पारा फडक्यात धरून पिळायचा. जास्तीचा पारा कापडातून थेंबाथेंबाने खाली पडे आणि फडक्यात हरभऱ्याएवढी पांढरट गोळी उरे. ती मुशीत घालून शेगडीवर ठेवली की थोड्या वेळाने गोळी पिवळी होई. सोने तेवढे मागे राहिलेले असे.

आम्हा मुलांचे डोळे सोन्यावर असत. मुशीतून उठलेल्या वाफेकडे कोणी पाहत नसे. ती वाफ म्हणजे पाराच होता. तो श्वासावाटे झारेकऱ्याच्या छातीत जात होता आणि उरलेला आकाशात.

आज जगात माणूस हवेत जेवढा पारा सोडतो, त्याचा सर्वात मोठा वाटा याच पद्धतीने सोने काढणाऱ्या छोट्या खाणकामातून येतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१५ सालासाठी माणसाने हवेत सोडलेल्या पाऱ्याचा अंदाज सुमारे २,२०० टन धरला, आणि त्यातला सुमारे ३८ टक्के वाटा या खाणकामाचा होता. दुसरा मोठा वाटा दगडी कोळशाचा. कोळशात पारा अगदी थोडा असतो, पण जळणारा कोळसा अफाट असतो.

हवेत पारा आहे तरी किती?

उत्तर गोलार्धात जमिनीजवळच्या स्वच्छ हवेत एका घनमीटरला साधारण दीड नॅनोग्रॅम पारा असतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. या सभागृहात दोन हजार घनमीटर हवा धरली, तर तिच्यात पारा झाला तीन मायक्रोग्रॅम. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ग्रॅम पारा असे. तेवढाच पारा हवेतून वेचायचा झाला, तर एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि सुमारे ३३० मीटर उंच एवढी हवा गाळावी लागेल.

इतका कमी असेल तर भीती कसली, असे कोणीही विचारेल. ही हवा श्वासात घेऊन कोणी आजारी पडत नाही. धोका दुसऱ्या वाटेने येतो. पारा पावसाबरोबर तळ्यात आणि दलदलीत उतरतो. तिथल्या गाळातले जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. शेवाळातून तो किड्यात, किड्यातून छोट्या माशात आणि छोट्यातून मोठ्या माशात जातो. प्रत्येक पायरीवर साठा वाढत जातो आणि मोठ्या माशाच्या अंगात पाण्याच्या तुलनेत तो लाखो पटींनी भरतो. पोटातल्या बाळाच्या वाढत्या मेंदूला हा पारा सर्वात जास्त इजा करतो. जपानमधल्या मिनामाताची शोकांतिका १९५६ साली जगापुढे आली. तिथे कारखान्याने पारा थेट उपसागरात सोडला होता. अमेरिकेत तशी शोकांतिका घडली नाही, तरी सर्व ५० राज्यांनी मासे बेताने खा अशा सूचना पाऱ्यामुळे दिल्या आहेत. ज्या तळ्यांच्या आसपास एकही कारखाना नाही, तिथल्या माशांतही पारा सापडला. तो वरून आला होता.

पावसाचे कोडे

हवेतला पारा मुख्यतः दोन रूपांत असतो. पहिले रूप शुद्ध धातूच्या वाफेचे. ही वाफ पाण्यात फारशी विरघळत नाही, म्हणून पाऊस तिला धुऊ शकत नाही, आणि ती सहा महिने ते वर्षभर हवेत फिरते. वारा पृथ्वीला फेरी मारतो काही आठवड्यांत. म्हणजे आमच्या गल्लीतल्या शेगडीवरची वाफ समुद्र ओलांडून गेली असणार यात शंका नाही. ओरेगॉन राज्यात माउंट बॅचलर नावाचा सुमारे २,७०० मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाचे डॅनियल जॅफी आणि त्यांचे सहकारी २००४ पासून हवा तपासत आहेत. आशियातून पॅसिफिक ओलांडून आलेले धुराचे लोट त्यांनी तिथे टिपले, आणि त्यांत पाराही होता.

दुसरे रूप ऑक्सिडीकृत पाऱ्याचे. ते पाण्यात सहज विरघळते, ढगात शिरते आणि सरीबरोबर खाली येते. पहिल्या रूपाचे दुसऱ्यात रूपांतर झाले की प्रवासी पारा मुक्कामी उतरला असे समजा. हे रूपांतर आकाशात कुठे, किती वेगाने आणि कशामुळे होते, हाच कळीचा प्रश्न.

अमेरिकेत पावसातला पारा मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे आहे. त्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसे. पावसाबरोबर सर्वात जास्त पारा पडतो तो फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर, तोही उन्हाळ्यात. कोळशावरच्या वीजकेंद्रांचे सर्वात दाट पट्टे तर उत्तरेला, ओहायो नदीच्या खोऱ्यात आहेत. मग पारा दक्षिणेला का पडावा?

माझी मुलगी टेनेसी राज्यात नॅशव्हिलजवळ राहते. एका जुलैत मी तिच्याकडे होतो. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी दीडच्या सुमारास कापसाचे पुंजके, आणि चारच्या आत त्यांचे मनोरे. आपल्या वळवाच्या पावसासारखेच, फक्त रोजचे. असा गडगडाटी ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो. शास्त्रज्ञांचा कयास असा होता की हे उंच ढग पारा खालच्या धुरातून घेत नाहीत, वरच्या थरांतून खरवडून आणतात. वर ऑक्सिडीकृत पाऱ्याचा साठा असावा आणि ढगाने तिथवर हात पोहोचवून तो खाली ओतावा. कयास सुंदर होता, पण वर जाऊन कोणी नीट मोजले नव्हते. जमिनीवरच्या केंद्राला पाच-सात किलोमीटरवरचे काय दिसणार?

विमानात सोन्याचा सापळा

म्हणून विमान लागले. १ जून ते १५ जुलै २०१३ या सहा आठवड्यांत 'नोमॅडस' नावाची मोहीम झाली. नायट्रोजन, ऑक्सिडीकारक वायू, पारा आणि हवेतले सूक्ष्म कण कुठून येतात आणि कुठे जातात याचा तो एकत्रित शोध होता. नॅशनल सायन्स फाउंडेशनचे सी-१३० हे चार पंख्यांचे मालवाहू बांध्याचे विमान त्यासाठी वापरले गेले. नॅशनल सेंटर फॉर ॲटमॉस्फेरिक रिसर्च ही संस्था ते चालवते. मुक्काम होता टेनेसीतल्या स्मर्ना विमानतळावर, माझ्या मुलीच्या घरापासून अर्ध्या तासावर. एकूण १९ उड्डाणे झाली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॅफी यांच्या गटाने पारा मोजला आणि त्याच विद्यापीठातल्या लियात जेग्ले यांच्या गटाने संगणकी प्रतिकृतीच्या मदतीने त्या मोजमापांचा अर्थ लावला.

आता हा पारा पकडायचा कसा? इथे झारेकरी परत येतो. पाऱ्याला सोन्याची ओढ आहे. झारेकरी पाऱ्याने सोने गोळा करतो, विमानातले यंत्र सोन्याने पारा गोळा करते. बाहेरची हवा एका नळीत ओढली जाते आणि नळीत सोने असते. हवा पुढे निघून जाते, पारा सोन्याला चिकटून राहतो. मग सोने तापवले की पारा वाफ होऊन सुटतो. त्या वाफेवर २५३.७ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा अतिनील प्रकाश टाकला की पाऱ्याचे अणू त्याच लहरींवर चमकतात. जितकी चमक, तितका पारा. मूस, शेगडी आणि वाफ तीच. फक्त इथे वाफेवरून कोणाचीही नजर हटत नाही.

दोन रूपे वेगळी करण्याची युक्तीही सरळ आहे. हवेचा एक प्रवाह सुमारे ६५० अंश सेल्सियसला तापवलेल्या भागातून जातो. तिथे सगळा पारा शुद्ध धातू बनतो, म्हणून तिथे एकूण पारा कळतो. दुसऱ्या प्रवाहातला ऑक्सिडीकृत पारा वाटेतच गाळून काढतात, म्हणून तिथे फक्त धातुरूप पारा कळतो. एकातून दुसरा वजा केला की उरतो तो ऑक्सिडीकृत पारा. दर अडीच मिनिटांना एक वाचन मिळते. विमान सेकंदाला शंभर मीटर वेगाने जात असेल, तर तेवढ्यात ते पंधरा किलोमीटर पुढे जाते. म्हणजे एक आकडा हा पंधरा किलोमीटर आकाशाचा आकडा असतो.

नवे यंत्र लागले याचेही कारण आहे. आधी २०११ साली नेवाडातल्या रेनो गावी वेगवेगळी यंत्रे शेजारी ठेवून तुलना केली होती. जमिनीवरच्या केंद्रांत रूढ असलेली पद्धत ऑक्सिडीकृत पारा कमी दाखवते, ओझोन असला की आणखीच कमी, असे तिथे दिसून आले. म्हणजे वर्षानुवर्षांच्या आकड्यांवर प्रश्नचिन्ह आले. आपल्याच क्षेत्रातल्या तराजूत खोट आहे, हे शास्त्रज्ञांनी स्वतः शोधून स्वतः छापले. मला याचे फार अप्रूप वाटते.

टेक्सासवरची कोरडी हवा

मोहिमेत एकूण पाऱ्याची सरासरी निघाली घनमीटरला १.४९ नॅनोग्रॅम. संगणकी प्रतिकृतीने सांगितले होते १.५१. इतके जुळले की कोणालाही समाधान वाटावे. पण ऑक्सिडीकृत पाऱ्याच्या बाबतीत चित्र वेगळे होते. ६५ टक्के वाचने यंत्राच्या पकडीपेक्षा कमी आली, आणि ती तशीच नोंदवली गेली. जी पकडीत आली, त्यांत मात्र प्रतिकृतीच्या अंदाजापेक्षा सरासरी तिप्पट पारा होता.

सर्वात मोठे आकडे, घनमीटरला ३०० ते ६८० पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचा हजारावा भाग), कुठे मिळाले? कुठल्या चिमणीजवळ नव्हे. टेक्सासवर पाच ते सात किलोमीटर उंचीवर आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याबाहेर एक ते तीन किलोमीटरवर. हवा स्वच्छ आणि खडखडीत कोरडी, सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्याही खाली. त्या हवेचा माग मागे मागे काढत नेला, तेव्हा ती उपोष्ण समुद्रांवरच्या जास्त दाबाच्या पट्ट्यांतून, वरच्या थरांतून हळूहळू उतरत आली होती. त्या पट्ट्यांत ढग नसतात, त्यामुळे तयार झालेला ऑक्सिडीकृत पारा धुऊन जात नाही, साचत राहतो. टेक्सासवरच्या हवेत त्याच्याबरोबर ब्रोमीन मोनॉक्साइडही सापडला. समुद्रावरून येणारे ब्रोमीनच पाऱ्याचे रूप पालटते, या कयासाला उंच हवेतला मोठा आधार मिळाला.

म्हणजे दक्षिणेच्या पावसाचे कोडे बरेचसे सुटले. फ्लोरिडाच्या दलदलीत पडणाऱ्या पाऱ्याचा एक भाग शेजारच्या चिमणीचा असेल, पण मोठा साठा साऱ्या जगाचा आहे. चीनच्या कोळशाचा, ॲमेझॉनच्या सोन्याच्या खाणींचा, आपल्या औष्णिक केंद्रांचा, आणि झारेकऱ्याच्या शेगडीचाही. सगळ्यांचा पारा वर एकत्र होतो, समुद्रावर रूप पालटतो आणि कुठल्या तरी दुपारच्या ढगाच्या हाती लागतो.

सरकारी वही आणि धुराचा लोट

या मोहिमेतला मला सर्वात जवळचा भाग आता सांगतो. विमानाने कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुराचे लोटही कापले. अशा सहा केंद्रांच्या मोजमापांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

धूर जसा पुढे जातो तसा पातळ होतो, मग चिमणीतून किती पारा निघाला हे दूर आकाशातून कसे कळणार? घरातले उदाहरण घ्या. ताकात पाणी वाढवले तर मीठ आणि जिरे दोन्ही सारखीच फिकी होतात, पण त्यांचे एकमेकांशी प्रमाण तेच राहते. तसेच पारा आणि त्याच्या सोबतीने निघालेले वायू यांचे गुणोत्तर लोटात टिकते. ते विमानातून मोजायचे आणि सरकारी नोंदींतल्या गुणोत्तराशी ताडून पाहायचे.

अमेरिकेत अशा दोन सरकारी वह्या आहेत. एक राष्ट्रीय उत्सर्जन सूची, दुसरी विषारी द्रव्यांची नोंदवही. पहिल्या वहीशी चार केंद्रांची मोजमापे चांगली जुळली, म्हणजे जास्त तिथे जास्त आणि कमी तिथे कमी. तरी वहीतले आकडे एकंदरीत ३९ टक्के कमी होते. जिथे वहीतला आकडा केंद्रावर प्रत्यक्ष मोजून लिहिला होता, तिथे मेळ सर्वात चांगला बसला. आणि ज्या एका केंद्रावर पूर्वी कधीच मोजणी झाली नव्हती, तिथे वहीत लिहिले होते त्याच्या जवळपास दहापट पारा विमानाला आढळला. दुसऱ्या वहीशी तर मोजमापांचा काही संबंधच लागला नाही.

श्रोतेहो, हे वाचले तेव्हा मला सरांची लाल पेन्सिल दिसली. त्या केंद्राने मुद्दाम खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. कोळशाचा प्रकार, बॉयलरचा प्रकार, ठरलेला गुणक असे सगळे नियमाप्रमाणे भरले असणार. आकडा उतरवलेला होता, एवढेच. आणि उतरवलेला आकडा कागदावर मोजलेल्या आकड्यासारखाच दिसतो. त्याच्यापुढेही दशांश चिन्ह असते. फरक कळायला कोणाला तरी त्या धुरातून जावे लागते.

नियम, आणि आपण

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वीजकेंद्रांच्या पाऱ्यावरचा नियम डिसेंबर २०११ मध्ये पक्का केला. त्यावर खटले झाले, २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने खर्चाचा विचार आधी करायला हवा होता असे बजावले, तरी नियम चालू राहिला. धुरात सक्रिय कोळशाची पूड सोडून पारा पकडणे, गाळण्या बसवणे, आणि कोळशाची जुनी केंद्रे बंद होणे या सगळ्यामुळे २०२१ पर्यंत तिथल्या कोळसा-केंद्रांचा पारा नियमापूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे ९० टक्क्यांनी घटला. २०२४ मध्ये नियम आणखी आवळला गेला आणि २०२५ मध्ये तो सैल करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. कायदा असा पुढे-मागे होत राहतो, म्हणून मोजणी सुटता कामा नये.

पाऱ्याला आळा घालणारा जागतिक करार २०१३ च्या ऑक्टोबरात, त्या उड्डाणांनंतर तीनच महिन्यांनी, जपानमध्ये संमत झाला आणि त्याला मिनामाताचेच नाव दिले गेले. भारताने तो २०१८ साली स्वीकारला. आपल्या पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत औष्णिक केंद्रांच्या धुरात पाऱ्याची मर्यादा घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम ठरवली. ही चिमणीच्या तोंडाशी असलेल्या वायूची मर्यादा आहे आणि ती स्वच्छ हवेतल्या पाऱ्याच्या वीस हजारपट भरते. कागदावर आकडा आहे. चंद्रपूर, कोराडी, परळी आणि भुसावळजवळचे दीपनगर या ठिकाणच्या शाळांतल्या मुलांना आपल्या तळ्यातल्या माशात पारा किती, हे मोजून सांगितले गेले पाहिजे.

हे आपल्याला अशक्य नाही. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून मान्सूनच्या ढगांत संशोधन-विमाने नेली आहेत. ढगातला थेंब मोजणारे वैज्ञानिक आपल्याकडे आहेत. उद्या त्यांच्या विमानात सोन्याची एक नळी बसावी, कोळशाच्या पट्ट्यावरून ते उडावे आणि मिळालेले आकडे सर्वांसाठी खुले व्हावेत, अशी माझी मागणी आहे. तुम्हीही ती करा. सोन्याची पारख ज्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या गावाला ही मागणी शोभून दिसेल असे मला वाटते.

आता सरांची राहिलेली गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी एकट्याने प्रयोग केला. घाबरलेला होतो, ब्युरेटचा नळ उशिरा बंद झाला, आणि उत्तर मित्राच्या उत्तरापेक्षा वाईट आले. बरोबर उत्तरापासून आदल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा मी जास्त लांब होतो. वही पुढे करताना हात कापत होता. सरांनी आकडा पाहिला, पात्रातल्या द्रावणाचा गडद गुलाबी रंग पाहिला आणि म्हणाले, "शेवटचे चार थेंब जास्त पडले तुझे. उद्या हळू सोड." आदल्या दिवशीच्या नेमक्या आकड्याला त्यांनी शून्य दिले होते, या चुकलेल्याला दहापैकी सात दिले.

माझ्या मोजण्यात चूक होती, म्हणून ती कुठे झाली हे त्यांना सांगता आले. उतरवलेल्या आकड्यात त्यांना काहीच शोधता आले नसते. टेनेसीहून उडालेल्या त्या माणसांनी ६५ टक्के वाचने पकडीखाली आहेत असे लिहून दिले, तेव्हा त्यांच्याही वहीला सरांनी गुण दिले असते असे मला वाटते.